बाळंतपणानंतरचं कपाट: मोजकेच, पण अंगाला शोभतील असे कपडे कसे जमवायचे?

मोरपीस
नमस्कार मंडळी. बाळ चार महिन्यांचं झालं. आज सकाळी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, निघायला दहा मिनिटं होती. बाळ एका खांद्यावर, दुसऱ्या हाताने कपाट उघडलं. पहिला कुर्ता छातीत अडकला. दुसरा गळ्यातून खाली उतरला, पण मुंढ्यात असा काचला की हात वर होईना. आवडत्या जीन्सची चेन वर आली, बटण मात्र काजापासून दोन बोटं लांबच राहिलं. शेवटी गरोदरपणातलाच ढगळ कुर्ता चढवला आणि निघाले. लिफ्टमधल्या आरशात स्वतःकडे पाहिलं आणि डोळे भरून आले.

बाळ झोपल्यावर सगळं कपाट पलंगावर रिकामं केलं आणि मोजलं. ६३ कपडे. त्यातले आज अंगात शिरतात असे ११, आणि त्या ११ मधले ७ गरोदरपणातले.

कॅप्सूल वॉर्डरोबबद्दल वाचलंय, म्हणजे मोजके कपडे आणि सगळे एकमेकांवर चालणारे. बाळंतपणानंतर कुणी असं कपाट जमवलंय का? मी अंगावर पाजते, दोन महिन्यांनी ऑफिस सुरू होईल. अंग अजून बदलतंय. आत्ता घ्यावं की थांबावं? आणि घ्यायचं तर सुरुवात कशापासून करावी?

रानजाई
माझं सरळ मत: वर्षभर काही घेऊ नकोस. मला दोन मुलं. पहिलीच्या वेळी चौथ्या महिन्यात हौसेने सहा कपडे घेतले, नवव्या महिन्यात त्यातले पाच सैल झाले. शरीराला नऊ महिने लागले ना वाढायला, मग उतरायलाही तेवढे दे. तोवर ढगळ कुर्ते आणि लेगिंग झिंदाबाद.

सुईदोरा
रानजाई, तुमचा अनुभव खराच आहे, पण मी उलट बाजूने बोलणार. वीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय.

बाळंतीण माझ्याकडे येते तेव्हा एक गोष्ट हटकून होते. खांद्याचं माप घेताना ती गप्पा मारत असते. छातीचं घेताना जरा गप्प होते. टेप पोटावर आला की श्वास आत ओढते. मी टेप तसाच धरून थांबते आणि म्हणते, "सोड श्वास, घाई नाही." श्वास सुटतो तेव्हा टेप दीड-दोन इंच पुढे सरकतो. ते खरं माप. त्या मापाचा कपडा घालून ती आरशासमोर उभी राहते तेव्हा आधीपेक्षा बारीक दिसते, कारण कुठेही ताण नसतो. पाठीवर आडव्या चुण्या नसतात, बटणांमधून फट नसते. ढगळ कपड्यात नेमकं उलटं होतं. तो अंगाच्या सगळ्यात रुंद जागेवरून सरळ खाली पडतो आणि सगळं अंग तेवढंच रुंद दाखवतो.

वर्षभर थांब म्हणणं म्हणजे वर्षभर रोज सकाळी आजच्यासारखंच रड म्हणणं. थोडे कपडे कर, पण आजच्या मापाचे कर. आणि शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, भरपूर ठेवायला सांग, दोन्ही बाजूंना किमान दीड इंच. अंग उतरलं की आत घेता येतो, परत भरलं तर उसवून सोडता येतो. तयार कपड्यात माया जेमतेम अर्धा इंच असते, म्हणून तो आत घेता येतो पण सोडता येत नाही.

पाऊलवाट
"सोड श्वास, घाई नाही." सुईदोराताई, हे वाचून इकडे मीच सोडला श्वास.

निळाई
मोरपीस, सुरुवात कशापासून हे विचारलंयस म्हणून सांगते. सुरुवात आतून. आधी ब्रा.

मी तीन महिने जुन्याच ब्रा वापरत होते, पट्ट्या ताणून. मग नीट माप घेतलं तर घेर एक नंबर वाढलेला आणि कप दोन नंबर. बरोबर मापाची घातली त्या दिवशी जुनेच दोन कुर्ते नीट बसायला लागले! कारण साधं आहे. छाती खाली उतरलेली असते तेव्हा छाती आणि पोट यांच्यात जागाच उरत नाही, कंबर दिसतच नाही.

काही गोष्टी तेव्हा कुणी सांगितल्या नाहीत म्हणून लिहिते:
भार पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो पाठीवर वर चढत असेल तर सैल आहे. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे पुढे सैल झाली की आतले हुक कामी येतात. सुरुवातीचे आठवडे तारेची नको, दूध भरलं की तार टोचते आणि तिथे गाठ धरू शकते. आणि माप फार लवकर घेऊ नकोस. पहिल्या काही आठवड्यांत दूध कमी-जास्त होत असतं, दीड-दोन महिन्यांनी ते बाळाच्या गरजेला जुळतं. तुझे चार महिने झालेत, म्हणजे आता माप घ्यायला हरकत नाही. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळी घे. छाती अगदी रिकामीही नको आणि ठणकेपर्यंत भरलेलीही नको.

पाजायच्या ब्राची क्लिप एका हाताने उघडते का, हे दुकानातच बघ. दुसऱ्या हातात बाळ असणार.

टपटप
+१ निळाई. "क्लिप एका हाताने" हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं.

शब्दवेडी
थोडा इतिहास, मला या विषयाची आवड आहे म्हणून. 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द रुळवला तो लंडनच्या सुझी फॉ यांनी, १९७० च्या दशकात. त्यांचं स्वतःचं कपड्यांचं दुकान होतं. चांगल्या कापडाचे थोडेच कपडे घ्या आणि हंगामाप्रमाणे त्यांत एखाददुसऱ्याची भर घाला, हे त्यांचं सांगणं. मग १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी 'सेव्हन इझी पीसेस' नावाने सात कपड्यांचा संच आणला आणि ही कल्पना नोकरदार बायकांपर्यंत जोरात पोचली.

गणित असं: ५ वरचे, ३ खालचे. पाचही वरचे तिन्ही खालच्यांवर चालत असतील तर १५ जोड होतात. त्यावर घालायचे २ सैल पदर म्हणजे जॅकेट किंवा श्रग घेतले तर त्या १५ जोडांचे ४५ होतात (एक जॅकेटशिवाय, दोन जॅकेटसकट). कपडे दहाच. पण एक वरचा एकाच खालच्यावर चालणारा निघाला की हे गणित कोसळतं. म्हणून खालचे तिन्ही साध्या रंगांचे घ्यायचे, निळा, करडा, मातकट असे, आणि हौस वरच्यांवर करायची.

कोरा_कागद
बाप आहे, बोललो तर चालेल का? बायकोचं बाळंतपण होऊन सात महिने झाले. ती रोज कपाटापुढे थबकायची आणि मला वाटायचं, हिला नवे कपडे हवेत. मी दोन आणले, दोन्ही तिच्या जुन्या मापाचे. मी आठवणीतलं माप आणलं होतं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं. ती काही बोलली नाही, घडी करून ठेवले. तो चेहरा अजून आठवतो.

मग तिला विचारूनच न होणारे सगळे कपडे एका खोक्यात भरले, वर तारीख घातली आणि माळ्यावर टाकले. कपाटात नऊच कपडे राहिले, पण नऊही अंगात जाणारे. सकाळचं थबकणं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. नवं काही न आणता.

रानजाई
कोरा_कागद, छान केलंत. तारखेची युक्ती आवडली.

पण मला या धाग्यात एक शब्द खटकतोय. 'शोभतील असे' म्हणजे काय? बारीक दिसतील असे? आपण एक जीव जन्माला घातलाय. पोट दिसलं तर दिसलं. प्रत्येक सल्ला शेवटी पोट लपवण्याकडेच का जातो?

मोरपीस
रानजाईताई, प्रश्न रास्त आहे, मी पण दुपारभर त्याचाच विचार केला. मला बारीक दिसायचं नाहीये. मला मी दिसायचंय. लिफ्टच्या आरशात जी होती ती ओळखीची वाटली नाही, रडू त्याचं आलं. मला पूर्वी नारिंगी रंग फार आवडायचा. गेल्या वर्षभरात मी नारिंगी घातलेलाच नाही, कारण त्या मापात मिळाला तो काळा किंवा करडा.

रानजाई
अगं मग नारिंगी घे ना! 'वर्षभर काही घेऊ नकोस' हे मी मागे घेते. एक नारिंगी घे.

सरळकणा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणींचेच व्यायाम घेते, म्हणून पोटाबद्दल थोडं.

बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचं वजन १ किलोच्या आसपास असतं. सहा आठवड्यांत ते आकसून १०० ग्रॅमच्या आत येतं. म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत जे पोट दिसतं त्यात चरबीशिवाय बरंच काही असतं. त्या काळात मोजमाप, खरेदी काहीच करू नका. दुसरं, पोटाच्या मधोमध उभी पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंचे स्नायू गरोदरपणात लांब सरकतात. बऱ्याच जणींचे हळूहळू जवळ येतात, काहींचे येत नाहीत, मग वजन उतरूनही पोट पुढे राहतं. उताणं झोपून मान उचलल्यावर पोटाच्या मध्यावर फुगवटा दिसत असेल किंवा बेंबीपाशी दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्यायामाने फरक पडतो. पोट आवळणारं घट्ट शेपवेअर घालून मात्र ते स्नायू जुळत नाहीत. समारंभात दोन तास घातलं तर ठीक, रोज दिवसभर घालू नका.

सिझेरियन झालेल्यांसाठी: टाका ओटीपोटावर खाली, आडवा असतो. कमी उंचीच्या पँटचा पट्टा नेमका त्यावर घासतो. तिथे बधिरपणा आणि खाज कित्येक महिने राहू शकते. म्हणून बेंबीच्या वर येणारा, रुंद आणि मऊ पट्टा घ्या. बारीक इलॅस्टिक नको, ते पोटाचे दोन भाग करतं, दिसायलाही वाईट आणि सोसायलाही.

उंबरठा
सरळकणा, धन्यवाद. माझं सिझेरियन होऊन पाच महिने झाले, जीन्स घातली की अजून तिथे कसंसंच होतं. मला वाटायचं माझ्याच मनाचे खेळ.

दुपारसावली
रंगांबद्दल बोलू. सगळ्या जणी सांगतात काळं घे, बारीक दिसतेस. काळ्यावर खांद्याशी बाळाची गुळणी वाळली की पांढरा डाग लांबून दिसतो. आणि फिका करडा टीशर्ट तर सगळ्यात वाईट. दुधाचा एक थेंब पाझरला की गडद गोल उमटतो, भर मीटिंगमध्ये.

माझा निष्कर्ष: बारीक, दाट, दोन-तीन रंगांची नक्षी. ओलही लपते आणि डागही. नक्षीचा आकार साधारण अंगठ्याच्या नखाएवढा. त्याहून मोठी फुलं नेमकी नको तिथे येऊन बसतात.

सुईदोरा
दुपारसावली, नक्षीबद्दल पूर्ण सहमत. काळ्याबद्दल इतकंच की खालच्या कपड्याला काळा उत्तम, तिथे गुळणी पोचत नाही.

कटबद्दल राहिलं होतं. पाजणाऱ्यांसाठी माझा आवडता म्हणजे प्रिन्सेस कट. मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून खाली दोन उभ्या शिवणी येतात. त्या शिवणींत छातीपाशी आठ इंचांच्या दोन लपत्या चेन बसवता येतात. पाजताना पोट उघडं पडत नाही, आणि त्या दोन उभ्या रेघांमुळे नजर वर-खाली फिरते. पुढे पाजणं थांबलं की चेन काढून शिवण बंद, कपडा परत साधा. दुसरा म्हणजे उराखाली जोड देऊन खाली हलका घेर. पण घेर हलकाच हवा, दाट चुण्या घातल्या तर लोक परत विचारतील कितवा महिना. गळा व्ही किंवा बटणपट्टीचा. बंद गळा भरल्या छातीवर नकोच.

खडे, टिकल्या, जर असलेलं छातीपाशी काही नको. बाळाचा गाल घासतो.

टपटप
आमच्याकडे खरेदीनंतरचा परीक्षक एकच. प्रत्येक बटण तोंडात घालून पाहतो, जे निघत नाही ते पास.

घडी
ऑफिसला जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. वनपीस घेऊ नका! मी हौसेने घातला, पुढून न उघडणारा. दूध काढायची वेळ झाली तेव्हा कळलं की तो सगळा गळ्यापर्यंत वर उचलावा लागतो. दार बंद होतं तरी मी त्या खोलीत पंपाला चिकटून वीस मिनिटं कुडकुडत बसले, एसीच्या झोताखाली. तेव्हापासून दोन भागांचाच कपडा: वर शर्ट किंवा आखूड कुर्ता, खाली पँट. आत पातळ बनियन, पोटाला झाकून ठेवणारी. शर्ट वर, बनियन खाली, मधली जागा बाळाची (किंवा पंपाची).

ऑफिसच्या खणात दूध टिपणारे पॅड आणि एक जादा वरचा कपडा ठेवा. मला तो तीनदाच लागला, पण तो आहे या भरवशावर रोज निर्धास्त बसता आलं.

पानगळ
मी अंगावर पाजत नाही, काही कारणाने जमलं नाही. आणि माझं वजन वाढलं नाही, उतरलं. आधीपेक्षा आठ किलो कमी. सगळे म्हणतात नशीबवान आहेस. आरशात मला गळ्याची हाडं दिसतात आणि तीन-तीन तासांची झोप दिसते. अशांसाठी कुणी काही सांगेल का?

सुईदोरा
पानगळ, तुला नशीबवान म्हणणाऱ्यांनी एक रात्र तुझ्या जागी जागून बघावं. तपासणी राहिली असेल तर आधी ती करून घे.

कपड्यांचं म्हणशील तर ढगळ तुलाही नको, त्यात आणखी हरवून जाशील. कापड जरा अंगाचं घे, जाडसर सुती, लिननसारखं, जे स्वतःचा आकार धरतं. अंगाला चिकटणारं पातळ होजियरी नको. उभी कॉलर किंवा बोट नेक गळ्याची हाडं झाकतो. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर येऊ दे, तेवढी एक जागा बरोबर असली की बाकीचा कपडा सैल असला तरी तुझाच वाटतो. आणि रंग उजळ, चेहऱ्याजवळ तर नक्कीच.

पानगळ
ताई, खूप आभार. तपासणीची वेळ घेतली आज.

पाऊलवाट
अवांतर: माझ्या चपला होत नाहीत! बाळंतपणाने पाय वाढतात का?

सरळकणा
वाढतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजूनच दाखवलं. पहिल्या गरोदरपणात तळव्याची कमान बसते आणि पाऊल २ ते १० मिलिमीटरपर्यंत लांब होऊ शकतं, तेही कायमचं. म्हणजे सूज उतरल्यावरही चपला होत नसतील तर नवं माप घ्या, वाट पाहू नका.

उंबरठा
आणि केस? हाताला झुपकेच्या झुपके येतात. न्हाणीच्या जाळीकडे बघवत नाही.

सरळकणा
तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून होतं ते. गरोदरपणात जे गळायचे थांबले होते ते एकदम गळतात. साधारण वर्षभरात भरून येतात. तोवर गडद कपड्यांवरचे केस झटकायला एक चिकट रोलर ठेवा.

निळाई
कापूस, लिनन, मोडाल, व्हिस्कोस चालेल. रेशीम आणि 'फक्त ड्रायक्लीन' आत्ता नको. दुधाच्या डागाला आधी गार पाणी, गरम पाण्याने प्रथिनं कापडात बसतात आणि डाग पिवळा पडतो. मग एन्झाइमवाला साबण. पॅड किंवा बाळाचे फडके धुताना सॉफ्टनर नको, कापड ओल शोषेनासं होतं.

मोरपीस
तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं, आणि एकेक करत गेले.

पहिल्या आठवड्यात फक्त ब्रा, तीन. निळाई म्हणाली होती तसंच झालं, जुन्यातले तीन कपडे परत मिळाले. दुसऱ्या आठवड्यात खोकी. न होणारे ५२ नव्हते, ४९ निघाले. आईचा एक आणि लग्नाआधीच्या नोकरीतला पहिला शर्ट वगळता बाकीचे वर गेले. गरोदरपणातले सात वेगळे बांधले, एका मैत्रिणीचा सहावा महिना आहे.

मग उरलेल्या कपड्यांत काय नाही ते लिहिलं. घेतलं ते एवढंच: बेंबीवर येणाऱ्या रुंद पट्ट्याच्या दोन पँट, एक गडद निळी, एक मातकट. दोन नक्षीचे शर्ट, पुढून बटणांचे. एक सैल सुती जॅकेट, समोरून उघडं. आणि एक कुर्ता शिवायला टाकला, प्रिन्सेस कट, लपत्या चेनचा, दीड इंच माया ठेवून.

सुईदोराताई, माझ्या शिवणाऱ्या काकूंना मी हे सगळं सांगितलं. टेप पोटावर आला तेव्हा मला तुमचं आठवलं आणि मी आपणहून श्वास सोडला. काकू म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतर सांगावं लागतं."

ज्या कपड्यात मांडी घालून जमिनीवर बसता येत नाही, एका हाताने पाजता येत नाही किंवा वाकल्यावर पाठ उघडी पडते तो आणायचा नाही, हे दुकानात जाण्याआधीच ठरवलं होतं. तीन कपडे तिथेच गळले. त्यातला एक फार सुंदर होता, अजून मनात आहे.

सुईदोरा
वा मुली. चेनची मूठ धातूची असेल तर आतून कापडाची छोटी पट्टी लावून घे, बाळाच्या गालाला गार लागते.

घडी
ऑफिसच्या खणातला जादा कपडा विसरू नकोस.

रानजाई
ते सगळं ठीक. कुर्ता कुठल्या रंगाचा?

मोरपीस
नारिंगी! काल आला. आत्ता अंगावर आहे. आणि त्याचं वरचं बटण या क्षणी बाळाच्या तोंडात आहे, टाका पक्का आहे का पाहते आणि येते.